ऑफिसच्या व्हीसीसाठी काय घ्यावं? कॅमेऱ्याआधी माइकचं बघा

सरकारी बातम्यांमध्ये तिला 'दूरदृश्य प्रणाली' म्हणतात. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा पंतप्रधान अयोध्येत होते आणि जालन्याच्या गाडीला हिरवा झेंडा दूरदृश्य प्रणालीद्वारे दाखवला गेला. पण जालन्यात कुठल्याही ऑफिसात गेलात तर हा शब्द कुणाच्या तोंडी सापडणार नाही. तिथे शब्द एकच: व्हीसी. "साहेब व्हीसीत आहेत, अर्ध्या तासाने या."

आणि व्हीसी आता फक्त कलेक्टर ऑफिसची राहिलेली नाही. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. मंठा, परतूर, भोकरदन, जाफराबादच्या लोकांना प्रत्येक आढाव्यासाठी जालन्याला बोलावण्यापेक्षा व्हीसी घेणं सगळ्यांनाच परवडतं. एमआयडीसीतल्या सळई बनवणाऱ्या कंपन्यांची गिऱ्हाइकं मुंबई-पुण्यात, नाहीतर राज्याबाहेर. बियाणं कंपन्यांचे फील्डवरचे लोक वेगवेगळ्या राज्यांत. बँकेची शाखा इथे, रिजनल ऑफिस दुसरीकडे. तुमच्यातल्या अनेकांचा पहिला इंटरव्ह्यू तर घरातल्याच एका खोलीत, मोबाइल डब्याला टेकवून उभा करून झाला असेल.

तरी बहुतेक मीटिंगची सुरुवात ठरलेली असते. "हॅलो, आवाज येतोय का?" "सर, तुमचा आवाज कापतोय." "तुम्ही म्यूटवर आहात." "कुणाचा तरी बॅकग्राउंडला आवाज येतोय, प्लीज म्यूट करा." आठ माणसं दहा मिनिटं अशी बसली म्हणजे कामाची ऐंशी मिनिटं गेली, पण हा हिशोब कुणी मांडत नाही. मग एक दिवस वैतागून ऑफिसात ठरतं की नवीन कॅमेरा घेऊ. पैसे चुकीच्या जागी जातात ते इथून.

कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल भारी, याची यादी या लेखात मिळणार नाही. ती दर सहा महिन्यांनी बदलते. यंत्र आत नेमकं काय करतं आणि आपल्या खोलीत ते कुठे अडतं, एवढं कळलं की दुकानदाराने पुढे केलेला डबा घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

खराब आवाजाची किंमत कोण मोजतं?

व्हिडिओ थोडा अडकला, चेहरा धूसर झाला तरी मीटिंग चालू राहते. आवाज गेला की मीटिंग थांबते. हे सगळ्यांना माहीत आहे. पण आवाज पूर्ण गेलेला नाही, शब्द कळतायत, फक्त पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतायत, तेव्हा काय होतं?

२०१८ मध्ये एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्त्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावरचा एक अभ्यास छापला. शास्त्रज्ञांची भाषणं आणि रेडिओवरच्या मुलाखती त्यांनी लोकांना ऐकवल्या. काहींना चांगल्या आवाजात, काहींना तेच बोलणं मुद्दाम खराब केलेल्या आवाजात. शब्द तेच होते. तरी खराब आवाज ऐकणाऱ्यांना तो वक्ता कमी हुशार वाटला आणि त्याचं संशोधन कमी महत्त्वाचं वाटलं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या ब्रायन शॉल यांच्या गटाने जवळपास हाच प्रयोग व्हीसीच्या संदर्भात केला. स्वस्त माइकसारखा पातळ, पत्र्यासारखा आवाज ऐकणाऱ्यांनी त्या उमेदवाराला नोकरी देण्याच्या बाबतीत कमी मार्क दिले. शब्द तर त्यांना नीट कळले होते.

आता हे आपल्याकडे लावून बघा. मुंबईच्या हेड ऑफिसात सहा जण एका खोलीत बसलेत, समोर चांगला माइक आहे. जालन्यातून तुम्ही एकटे, लॅपटॉपपासून तीन फूट मागे रेलून, वर पंखा चालू. मुद्दा तुमचा बरोबर आहे, पण तिकडे बसलेल्यांच्या मनात 'याला नीट सांगता येत नाही' एवढंच राहतं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तुम्हाला ते कळायला काही मार्गच नसतो. मीटिंगमध्ये सगळ्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो, एकच आवाज येत नाही, तो म्हणजे आपला स्वतःचा. समोरचे सीनियर असतील तर तोंडावर सांगतात, ज्युनियर असतील तर गप्प बसतात. गिऱ्हाईक तर सांगतच नाही, ते दुसरीकडे फोन लावतं.

मराठीत अजून एक भानगड आहे. 'स', 'श', 'फ' या अक्षरांचा आवाज बराचसा वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो. जुनी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवायची, म्हणून फोनवर नाव सांगताना "स, समईचा स" असं सांगावं लागायचं. खराब माइक, दूरचा माइक, नेट कमी पडल्यावर दाबलेला आवाज, या सगळ्यांत सगळ्यात आधी मरतो तो हाच वरचा भाग. 'साठ'मधला 'स' गेला की उरतो 'आठ'. सळईची ऑर्डर साठ टनांची की आठ टनांची, हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही.

माइक किती लांब आहे, एवढंच विचारा

आवाजाचा एक साधा नियम आहे. अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश होते, म्हणजे ६ डेसिबल कमी. तोंडापासून एक फुटावरचा माइक आठ फुटांवर नेला, तर तीन वेळा दुप्पट झालं: १८ डेसिबल गेले. तुमचा आवाज चौसष्टाव्या हिश्श्यावर आला. खोलीतला पंख्याचा, कूलरचा, बाहेरच्या ट्रकचा आवाज मात्र जेवढा होता तेवढाच राहिला. मग सॉफ्टवेअर आपोआप माइकचा आवाज वाढवतं, आणि तुमच्याबरोबर कूलरही वाढतो.

म्हणून दोनशे-तीनशे रुपयांचा वायरवाला इअरफोन, ज्याचा माइक हनुवटीजवळ लटकतो, तो आठ फूट लांब ठेवलेल्या महागड्या यंत्राला सहज मागे टाकतो. माझ्या मते ऑफिसात खरेदीची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न "कॅमेरा किती मेगापिक्सेल?" असा नको. "शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाचं तोंड माइकपासून किती फुटांवर येईल?" हा हवा.

दुसरी गोष्ट खोलीची. आपल्याकडे नवीन ऑफिस म्हणजे खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर स्लॅब, तीन बाजूंनी गुळगुळीत प्लास्टर आणि चौथ्या बाजूला काचेचं पार्टिशन. दिसायला झकास असतं, पण आवाज तिथे चेंडूसारखा टोले खात फिरतो. खोलीच्या मध्ये उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टण्ण' असं शेपूट ऐकू आलं तर समजा की माइकला तुमचा आवाज एकदा थेट आणि पुढे कितीतरी वेळा भिंतींवरून आपटून मिळणार. आपला मेंदू समोरासमोर बसल्यावर हे घुमणं आपोआप वगळतो. माइकमधून एकदा पाठवलं की ते वगळणं अवघड होतं.

उपाय कापडाचा आहे. खिडक्यांना आणि काचेला जाड, चुण्या असलेले पडदे, खाली सतरंजी किंवा कार्पेट, प्लास्टिकऐवजी गादीच्या खुर्च्या, एका भिंतीवर कापड लावलेला मोठा सॉफ्ट बोर्ड, फायलींनी भरलेलं उघडं कपाट. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणारे व्हिडिओ बघितले असतील, त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि ऑफिस कोंबड्यांचं वाटतं ते वेगळंच. पडदे शिवून घ्यायला जे पैसे लागतात ते व्हीसीच्या बजेटमध्ये धरा, बाकी कुठल्याही खर्चापेक्षा ते जास्त वसूल होतील.

कूलरचं काय करायचं हा मराठवाड्याचा खास प्रश्न. एप्रिल-मे मध्ये तो बंद करा म्हणणं सोपं आहे, बसणाऱ्याला विचारा. झूम, मीट, टीम्स या सगळ्यांत आता आवाज गाळायची सोय असते, आणि पंखा किंवा कूलरसारखी एकसुरी घरघर ती बऱ्यापैकी कापते. पण घरघर तुमच्या आवाजाएवढीच मोठी झाली की कापताना ती तुमचे शब्दही खाते. त्यामुळे कूलर माइकच्या समोरून हलवून माइकच्या पाठीमागे, शक्य तितका लांब न्या, आणि मीटिंगआधी खोली गार करून घेऊन बोलण्याच्या वेळी स्पीड कमी ठेवा.

एको का येतो?

हे एकदा नीट समजून घ्या, कारण ऑफिसातली निम्मी भांडणं यावरून होतात.

मुंबईचा माणूस बोलतो, त्याचा आवाज जालन्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, जालन्याचा माइक तो ऐकतो आणि परत मुंबईला पाठवतो. त्याला स्वतःचंच बोलणं थोड्या वेळाने ऐकू येतं. हे टाळण्यासाठी प्रत्येक लॅपटॉपमध्ये, फोनमध्ये आणि स्पीकरफोनमध्ये एको कापणारं सॉफ्टवेअर असतं. त्याची युक्ती सोपी आहे: 'मी आत्ता स्पीकरमधून काय वाजवलं' हे त्याला माहीत असतं, म्हणून माइकमध्ये आलेल्या आवाजातून तेवढा भाग ते वजा करतं.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली, ज्याला एको ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो, तो समोरच्याच्या खोलीत असतो. "तुमच्याकडे एको येतोय का? मग तुमचाच फोन बघा" असं म्हणणारा नेमकं उलटं सांगत असतो. दुसरी, यंत्राला जे माहीत नाही ते त्याला वजा करता येत नाही. लॅपटॉपचा माइक वापरायचा आणि आवाज मात्र टेबलावरच्या ब्लूटूथ स्पीकरमधून काढायचा, असं केलं तर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने उशिरा आणि बदललेला बाहेर येतो, आणि वजाबाकी फसते. एकाच खोलीत दोघांनी आपापल्या लॅपटॉपवरून मीटिंग जॉइन केली तर अजून वाईट: एका लॅपटॉपला दुसऱ्याच्या स्पीकरचं काहीच माहीत नसतं. कानठळ्या बसवणारी ती शिट्टी तिथूनच येते.

म्हणून एका खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर, तोही शक्यतो एकाच यंत्रातला. बाकीच्यांनी स्क्रीन बघायला जॉइन व्हायला हरकत नाही, पण ऑडिओच जोडायचा नाही. नुसतं म्यूट पुरत नाही, कारण म्यूटने माइक बंद होतो, स्पीकर चालूच राहतो.

मग घ्यायचं काय?

एकट्यासाठी वर सांगितलंच: वायरवाला इअरफोन किंवा तोंडाजवळ दांडी असलेला यूएसबी हेडसेट. पुढे जा.

चार ते सहा जणांच्या टेबलासाठी यूएसबी स्पीकरफोन. जेवणाच्या छोट्या वाटीपासून ताटलीएवढा गोल डबा असतो, टेबलाच्या मधोमध ठेवतात, माइक आणि स्पीकर दोन्ही त्यातच, एको कापायचं काम तो स्वतः करतो. जॅब्रा, अँकर, लॉजिटेक, पॉली अशा कंपन्यांचे मिळतात, साधारण ५ हजारांपासून २०-२५ हजारांपर्यंत. जालन्यातल्या बहुतेक लहान ऑफिसांना एवढ्यात भागतं. बॉक्सवर माइकची जी रेंज छापलेली असते ती निम्मी धरून चाला, कारण ती तुमच्या घुमणाऱ्या खोलीत मोजलेली नसते. आणि एक बारीक गोष्ट: हा डबा लॅपटॉपच्या पंख्याशेजारी किंवा ज्या टेबलावर लोक पेन आपटतात तिथे ठेवू नका. खाली रुमालाची घडी ठेवली तरी टेबलाची ठकठक बरीच कमी होते.

कॅमेऱ्याचं बोलायचं तर मेगापिक्सेलपेक्षा तो किती रुंद बघतो हे महत्त्वाचं. सी-९२० सारखा नेहमीचा वेबकॅम कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तर ७८ अंश बघतो. पाच फुटांवर त्याला साधारण सात फूट रुंदी दिसते, म्हणजे तीन-चार माणसं खांद्याला खांदा लावून. कॉन्फरन्ससाठीचे कॅमेरे, उदाहरणार्थ लॉजिटेकचा मीटअप, तसंच तिरकं मोजून १२० अंश बघतात. त्याच पाच फुटांवर साधारण पंधरा फूट रुंदी. लहान खोलीत, जिथे टेबल टीव्हीला चिकटून आहे, तिथे रुंद कॅमेरा लागतो. लांबट खोलीत मात्र त्यातून शेवटचा माणूस मुंगीएवढा दिसतो.

दुकानात तुम्हाला पीटीझेड कॅमेरा दाखवतील, तो गोल फिरणारा, दहा-वीस पट झूमवाला. जे सीसीटीव्ही बसवतात तेच बऱ्याचदा व्हीसीचं सामानही विकतात, त्यामुळे त्यांचं लक्ष साहजिकच कॅमेऱ्यावर असतं. मोठ्या सभागृहात त्याचं काम आहे. बारा बाय पंधराच्या खोलीत तो शोभेचा. त्यातून तो छताजवळ बसवला की समोरच्याला फक्त तुमची टाळू दिसते. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, टीव्हीच्या लगेच खाली किंवा वर हवा. खिडकी पाठीमागे नको, नाहीतर सगळे सावल्या दिसतात. खिडकीकडे तोंड करून बसा, दिव्याचा खर्च वाचेल.

व्हिडिओ बार म्हणजे कॅमेरा, माइक, स्पीकर सगळं एकाच लांबट पट्टीत, टीव्हीखाली लावायचं. नीटनेटकं दिसतं, वायरी कमी. पण माइकही टीव्हीपाशीच असतो, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस परत दहा-बारा फुटांवर गेला. बार घेणार असाल तर टेबलावर ठेवायचा जादा माइक त्याला जोडता येतो का ते आधी विचारा.

केबलचं आधी मोजा. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. टीव्ही एका भिंतीला आणि लॅपटॉप दुसऱ्या टोकाला असेल, आणि वायर भिंतीतून, छतातून फिरवून न्यायची असेल, तर ५ मीटर कधी संपतात कळत नाही. मग कॅमेरा 'दिसतो आणि गायब होतो'. अशा ठिकाणी पॉवर घेणारी, म्हणजे अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन केबल घ्यावी लागते.

वीस-तीस जणांच्या सभागृहाची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रत्येकासमोर मान वळणारा गूजनेक माइक, मिक्सर, अॅम्प्लिफायर, भिंतीवर स्पीकर असं सगळं आधीच असतं, आणि तरी व्हीसीच्या वेळी कुणीतरी लॅपटॉप उचलून भिंतीवरच्या स्पीकरसमोर धरतं. ते करू नका. मिक्सरमधून एक आउटपुट यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपला द्यायचं असतं, आणि त्या आउटपुटमध्ये पलीकडून आलेला आवाज सोडून बाकी सगळं असायला हवं. साउंडवाले याला 'मिक्स-मायनस' म्हणतात. बसवायला आलेल्या माणसाला हा शब्द विचारा. तो गोंधळला तर दुसरा माणूस बघा.

फोनवरून जॉइन होणाऱ्यांसाठी

तुमच्या खिशातल्या फोनचे माइक साध्या लॅपटॉपच्या माइकपेक्षा पुष्कळदा चांगले असतात. फक्त मुख्य माइक खालच्या कडेला असतो, चार्जिंगच्या भोकाशेजारी, आणि स्टँडमध्ये उभा ठेवताना आपण नेमका तोच झाकतो. कव्हरच्या छिद्रात साचलेली धूळही काढा.

ब्लूटूथ इअरबड्सबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. गाणी ऐकताना आवाज एकेरी येतो, तेव्हा क्वालिटी छान असते. मीटिंगमध्ये माइक चालू झाला की बहुतेक बड्स दुसऱ्या मोडमध्ये जातात, ज्यात आवाज दोन्हीकडून न्यायचा असल्यामुळे त्याचा दर्जा उतरतो: जुन्या पद्धतीत सेकंदाला ८ हजार नमुने, त्यानंतरच्या पद्धतीत १६ हजार. गाण्यांसाठी नेहमी ४४ हजारांच्या पुढे असतात. शिवाय बड्सचा माइक कानात, तोंडापासून लांब. नवीन एलई ऑडिओवाल्या जोड्यांत हे सुधारतंय, पण फोन आणि बड्स दोन्हीत ते हवं. इंटरव्ह्यू असेल तर वायर लावा. जॅक नसलेल्या फोनला टाइप-सी इअरफोन मिळतात.

लॅपटॉपचा कॅमेरा अगदीच फिक्का असेल तर फोनलाच वेबकॅम करता येतं. अँड्रॉइड १४ पासून काही फोनमध्ये यूएसबी केबल लावली की वेबकॅम हा पर्याय थेट येतो, आयफोन-मॅकमध्ये ही सोय २०२२ पासून आहे. मीटिंगच्या आधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा, कारण मध्येच कॉल आला की मीटिंगचा आवाज तुटतो. आणि मे महिन्यात चार्जिंगला लावलेल्या फोनवर तासभर व्हिडिओ चालवला तर तो तापून हळू पडतो. कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा.

नेट आणि लाइट

हिशोब सोपा आहे. १ एमबीपीएसने एक तास डेटा गेला की ४५० एमबी होतात. व्हिडिओ जातोही आणि येतोही, म्हणजे दोन्हीकडून १ एमबीपीएस धरला तर तासाला ९०० एमबी. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक दोन तासांत संपला तर आश्चर्य नको. नुसता आवाज मात्र ४० केबीपीएसमध्ये चांगला जातो, एका बाजूने तासाला १८ एमबी. म्हणून नेट रडायला लागलं की पहिल्यांदा स्वतःचा व्हिडिओ बंद करा. साहेबांना वाईट वाटेल ही भीती असेल तर "आवाज नीट यावा म्हणून व्हिडिओ बंद करतोय" एवढं सांगा.

स्पीड टेस्टमध्ये सगळे डाउनलोडचा आकडा बघतात. तुमचा आवाज समोर पोचतो तो अपलोडवर. आणि स्पीड इतकीच देरीही महत्त्वाची: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा. त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात. मोबाइल नेटवर हे जास्त होतं.

कारखान्याच्या आवारातल्या ऑफिसांचा त्रास वेगळा: सगळीकडे पत्रा आणि लोखंड. पत्र्याची भिंत वायफाय आणि मोबाइल दोन्ही सिग्नल अडवते. राउटर अकाउंट्सच्या कपाटावर आणि मीटिंग रूम पत्र्याच्या पलीकडे असेल तर राउटर बदलून फरक पडणार नाही. मीटिंग रूमपर्यंत एक लॅन केबल ओढून घ्या आणि व्हीसीचा लॅपटॉप तिलाच लावा. केबल शक्यच नसेल तर राउटर त्याच खोलीत आणून ५ गिगाहर्ट्झवर जोडा.

लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, मोबाइल चालतो, पण फायबरचा डबा बंद पडतो आणि मीटिंगही. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी पुस्तकाएवढा मिनी यूपीएस मिळतो. अॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागेल, एकालाच दिला तर उपयोग नाही. ऑफिसला इन्व्हर्टर असला तरी हा जादा डबा ठेवावा, कारण लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या त्या क्षणात काही राउटर रीस्टार्ट होतात आणि परत जोडायला दोन-तीन मिनिटं घेतात.

अॅपचं थोडक्यात

फुकटात झूमवर ४० मिनिटं आणि गूगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटं मिळतात. तासाच्या आत मीटिंग उरकत नसेल तर एकाच माणसाच्या नावे पैसे भरा, बाकीच्यांना लागत नाहीत. सरकारी कामाची गोष्ट वेगळी. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली होती आणि सरकारी अधिकाऱ्यांनी कामासाठी तो वापरू नये असं म्हटलं होतं. सरकारी बैठकांसाठी एनआयसीची स्वतःची सेवा आहे. खाजगी ऑफिसांनी वेटिंग रूम चालू ठेवावी आणि मीटिंगची लिंक व्हॉट्सअॅपच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नये. बाकी झूम की मीट या वादात पडू नका, आवाजाचा त्रास अॅप बदलून जात नाही.

मीटिंग चालू असताना

खोलीत पाच जण आणि स्क्रीनवर एक, अशी मीटिंग असेल तर तो एकटा हमखास मागे पडतो. खोलीतले आपसात कुजबुजतात, हसतात, आणि त्याला कळत नाही काय झालं. एका माणसाला कामच द्या: स्क्रीनकडे लक्ष ठेवायचं, हात वर दिसला की बोलणाऱ्याला थांबवायचं, खोलीत कुजबुज झाली की ती मोठ्याने सांगायची. हे काम ज्युनियरला दिलं तर त्याला साहेबांना मध्येच थांबवायची परवानगी सगळ्यांसमोर द्या, नाहीतर तो थांबवणार नाही.

आकडे, भाव, तारखा, गाडी नंबर तोंडी सांगितले तरी लगेच चॅटमध्येही टाका. स्क्रीनवर स्वतःचं खरं नाव आणि गाव ठेवा. 'रेडमी नोट' नावाची तीन माणसं मीटिंगमध्ये असली की कोण काय म्हणालं ते मिनिट्समध्ये लिहिणार कसं?

नवीन सामान आलं की पहिल्या खऱ्या मीटिंगआधी एक काम करा. रिकामी मीटिंग सुरू करा, एका मित्राला दुसऱ्या गावाहून जॉइन करून त्याच्या बाजूने रेकॉर्ड करायला सांगा. तुमच्या खोलीतल्या प्रत्येक खुर्चीवर आळीपाळीने बसून, नेहमीच्याच आवाजात, पंखा-कूलर नेहमीसारखा चालू ठेवून बोला: "आठ एमएमची साठ टन, साठ हजारांपैकी आठ हजार अॅडव्हान्स." मग ते रेकॉर्डिंग इअरफोन लावून ऐका. ज्या खुर्चीवरून 'साठ'चा 'आठ' झालेला ऐकू येईल ती खुर्ची माइकजवळ ओढा, किंवा माइक तिकडे सरकवा, आणि परत रेकॉर्ड करा.